मुलीच्या नावाचं गोष्टीचं पुस्तक मागवलं आणि फसलो, लहान मुलांच्या आईबाबांनी प्लीज वाचा

माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे, सिनियर केजीला. आम्ही धायरीला राहतो. शाळा इंग्लिश मिडीयमची, त्यामुळे मराठी वाचायला घरीच शिकवायचं असं मी आणि सासूबाईंनी आधीपासून ठरवलंय. आजी रोज संध्याकाळी तिला पाटीवर गिरवायला बसवते, आणि डिसेंबरपर्यंत काना, मात्रा, दोन्ही वेलांट्या तिला कळायला लागल्या होत्या. सिंहगड रोडने बसमधून जाताना दुकानांच्या पाट्या वाचायची, 'दवाखाना' पूर्ण वाचला त्या दिवशी घरी येऊन बाबाला फोन केला होता तिने. आणि ह्या वयाच्या सगळ्याच मुलांसारखं, सगळ्यात आधी ओळखायला आलेला शब्द म्हणजे स्वतःचं नाव. डब्यावर, दप्तरावर, जिथे दिसेल तिथे बोट ठेवून वाचायचं.

तर अशातच मला इन्स्टावर ती ॲड दिसली. मुलाच्या नावाचं आणि फोटोचं मराठी गोष्टीचं पुस्तक, तुमचं मूलच गोष्टीतलं मुख्य पात्र, जाड पानं, हार्ड कव्हर. रीलमध्ये कोणीतरी पानं उलटत होतं आणि खरंच सुंदर दिसत होतं, मोठ्ठी अक्षरं, एका पानावर दोन ओळी. कल्पना मला आजही चुकीची वाटत नाही, जे मूल नुकतं वाचायला लागलंय त्याला पानोपानी स्वतःचं नाव दिसलं तर ते पुढचा शब्द वाचायला हौसेने जातंच. म्हणून मी दोन मागवली, एक हिचं आणि एक माझ्या भाच्याच्या वाढदिवसाला द्यायला. दोनाचे मिळून 2,198 रुपये.

आता इथून पुढे जे सांगतीये ते नीट वाचा, कारण प्रत्येक ठिकाणी मला थांबता आलं असतं.

कॅश ऑन डिलिव्हरी नाही म्हणाले, नाव घालून छापतो ना मॅडम, परत घेता येत नाही. हे पटण्यासारखंच आहे, खरे धंदेवालेसुद्धा असं सांगतात. यूपीआय करताना स्क्रीनवर पेजचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं, मी विचारलं तर म्हणे आमचे अकाउंटंट आहेत. पेजवर पत्ता नाही, कंपनीचं नाव नाही, फक्त व्हॉट्सॲप नंबर. आपल्याकडे 2020 पासून ऑनलाइन विक्रीचे नियम आहेत, वेबसाइटवरून माल विकणाऱ्याने कायदेशीर नाव, पत्ता, तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव हे सगळं द्यावं लागतं आणि तक्रार आली की 48 तासांत पोच द्यावी लागते. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर निदान विचारलं असतं.

पैसे भरल्यावर एक फॉर्म आला. त्यात मुलीचे तीन फोटो, पूर्ण नाव, घरात काय हाक मारतो, जन्मतारीख, शाळेचं नाव, दोन मैत्रिणींची नावं, आवडता खाऊ, कशाची भीती वाटते, घरचा पत्ता. मी सगळं भरलं. प्रेमाने भरलं, आठवून आठवून, आवडता खाऊ विचारायला तिला झोपेतून उठवायची बाकी राहिली होती. एवढी माहिती मी शेजाऱ्यांनासुद्धा कधी दिली नसती, आणि एका फोन नंबरला दिली.

मग तीन आठवडे काहीच नाही. छापायच्या आधी पानांचे नमुने पाठवू म्हणाले होते ते आले नाहीत, विचारलं की डिझाईन टीम बिझी आहे. मग कुरिअर अडकलंय, 249 रुपये भरले तर सुटेल. भाच्याचा वाढदिवस चार दिवसांवर आला होता, भरले.

पार्सल आलं ते पण एकच पुस्तक, भाच्याचं नाहीच. बारा पानं, मासिकाच्या कागदासारखा पातळ कागद, दोन स्टेपल मारलेल्या. कव्हरवर कार्टूनच्या अंगावर माझ्या लेकीचा चेहरा कापून चिकटवलेला, मान एकीकडे आणि चेहरा एकीकडे. तरी ती इतकी खूश झाली होती की मला काही बोलवलं नाही. मांडीवर बसली, पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून वाचायला लागली.

पहिल्याच ओळीत अडकली.

तिच्या नावात एक रफार आहे आणि एक पहिली वेलांटी. (नाव इथे लिहीत नाहीये, आता कुठेच लिहीत नाही.) पुस्तकात रफार डोक्यावर नव्हताच, पाय मोडलेला र शेजारी सुटा उभा होता, आणि वेलांटी तिच्या अक्षराच्या नंतर पडलेली, म्हणजे वाचायला गेलं की ती पुढच्याच अक्षराला लागते. तिने बोट ठेवलं, ओठ हलवले, परत पहिल्यापासून सुरुवात केली, तिसऱ्यांदा केली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, मला माझं नाव विसरायला झालंय का?"

मी हे लिहिताना पण मला भरून येतंय. पाच वर्षांच्या पोरीला पुस्तक चुकू शकतं हे माहीतच नसतं, तिला वाटलं आपलंच चुकतंय. आजीने लगेच पाटी आणून नाव काढून दाखवलं, हे बघ बाळा हे तुझं बरोबर आहे, त्या लोकांना लिहिता येत नाही. पण त्यानंतर आठ-दहा दिवस ती पाट्या वाचेना. वाच म्हणलं की तू वाच म्हणायची.

माझा भाऊ नारायण पेठेत छपाईच्या कामात आहे. त्याला दाखवलं तर त्याला एका नजरेत कळलं. म्हणाला डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींची सेटिंग चालू नसेल तर देवनागरी अशीच तुटते, पहिली वेलांटी जागा सोडते, रफार खाली उतरतो, जोडाक्षरं सुटी होतात, आणि करणाऱ्याला मराठी वाचता येत नसेल तर त्याला काही दिसतच नाही. गोष्ट पण हिंदीवरून मशीनने केलेली, 'ती परीशी मिळाली', 'ती बहुत आनंदी झाली', एकेका पानावर आठ आठ ओळी बारीक अक्षरात. रीलमधलं पुस्तक दुसऱ्याच कोणाचं होतं हे उघड आहे.

आणि नववं पान. ते आजीने पाहिलं, चष्मा लावून. त्या पानावर माझ्या मुलीचं नाव नव्हतं. दुसऱ्या एका मुलाचं पूर्ण नाव होतं, त्याचं घरचं लाडाचं नाव, त्याच्या शाळेचं नाव, आणि त्याला अंधाराची भीती वाटते हे. जुनं पान बदलायचं राहिलेलं. मी तिथेच खाली बसले. कारण मग माझ्या मुलीची माहिती कोणाच्या पुस्तकात गेली असेल? ती ज्या गोष्टीला घाबरते ती आज कोणत्या घरात छापलेली पडलीये?

मी मेसेज केला, फोटो पाठवले, पैसे परत मागितले. अगदी नम्र उत्तर, सॉरी मॅडम, पूर्ण रिफंड करतो. दुसऱ्या दिवशी दुपारी एक फोन आला, रिफंड डिपार्टमेंट, हिंदीत, मॅडम मॅडम करत. मी शाळेच्या गेटवर, पोरं सुटलेली, एका हाताला ही आणि दुसऱ्या हातात तिचं दप्तर. त्याने व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवला, म्हणे दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडा आणि तुमच्या ॲपने स्कॅन करा, 2,198 आपोआप येतील. मी व्हॅनवाल्या काकांच्या फोनवर उघडून स्कॅन केला. रक्कम बरोबर तीच दिसली, पिन मागितला, टाकला. आणि मेसेज आला खात्यातून 2,198 गेल्याचा. तो म्हणतोय सर्व्हर एरर आहे, परत एकदा करा, दोन्ही एकदम येतील. काकांनीच फोन माझ्या हातातून काढून घेतला, म्हणाले ताई, पैसे यायला पिन लागत नाही कधी.

हे एक वाक्य घरात सगळ्यांना सांगून ठेवा. यूपीआयचा पिन फक्त पैसे पाठवायला किंवा बॅलन्स बघायला लागतो, पैसे घ्यायला पिन पण नाही आणि स्कॅन पण नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण समोरचा आकडा माझ्याच रिफंडचा होता म्हणून डोकं चाललं नाही.

काकांनी तिथूनच 1930 लावून दिला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, जितक्या लवकर लावाल तितकं बरं, कारण पुढच्या खात्यातून पैसे निघायच्या आत गोठवता येतात. त्यांनी व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, वेळ, बँक विचारली, तक्रार नंबर दिला. घरी येऊन सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर सगळे स्क्रीनशॉट चढवले, बँकेला कळवलं. ग्राहक हेल्पलाइन 1915 ला पण सांगितलं, पण विकणाऱ्याचं नाव-पत्ताच नसेल तर त्यांनी तरी नोटीस कोणाला पाठवायची. एकूण 4,645 रुपये गेले, अजून एक रुपया परत आलेला नाही. पेज बंद झालंय, पण तीच रील मला मागच्या आठवड्यात वेगळ्या नावाच्या पेजवर दिसली.

ज्यांना असं पुस्तक हवंच आहे त्यांनी पैसे भरायच्या आधी आपल्या मुलाचं नाव घातलेलं एक तरी पान मागा, मराठीत, आणि घरातल्या मोठ्या माणसाकडून वाचून घ्या. नाव आणि फारतर एक फोटो ह्याच्या पलीकडे काही देऊ नका. शाळा, जन्मतारीख, लाडाचं नाव ह्याशिवाय गोष्ट होतेच.

आम्ही शेवटी घरी केलं. स्टोरीवीव्हर म्हणून प्रथम बुक्सची साइट आहे, 2015 पासून, त्यावर मराठी गोष्टी फुकट आहेत, वाचनाच्या चार पातळ्या केल्यात आणि मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून त्या बदलायला, छापायला परवानगी आहे. पहिल्या पातळीची एक घेतली, भावाने नाव नीट घातलं, रंगीत प्रिंट आणि स्पायरल. सोबत अप्पा बळवंत चौकातून मोठ्या अक्षरांची तीन साधी पुस्तकं आणली. परवा बसमध्ये तिने आपणहून 'मेडिकल' वाचलं, मी काही बोलले नाही, नुसतं ऐकलं.

आणि नवव्या पानावरच्या त्या मुलाच्या आईला सांगायचंय. तुम्ही कोण मला माहीत नाही, तुमच्या मुलाचं नाव मी कुणाला सांगितलं नाहीये. ते पान मी पुस्तकातून काढून पाकिटात बंद करून कपाटात ठेवलंय, पोलिसांनी मागितलं तर लागेल म्हणून फाडलं नाही. तुमच्याकडे जर एखादं असं पान आलं असेल, रफार तुटलेल्या नावाचं, तर तुम्ही पण तसंच करा.