'आधी व्हिजिट व्हिसावर जा, मग बघू'

माझ्या चुलतभावाला दुबईत कामाला लावतो म्हणून एका एजंटने ९० हजारांना बुडवलं. आमच्या खेडकडच्या गावांत घरटी एखादा तरी आखातात असतो, त्यामुळे एजंट म्हटलं की कुणी दचकत नाही. त्याचं अर्धं काम तिथेच झालं होतं.

भाऊ वेल्डर. हात उत्तम, पण शिक्षण नववी. दहावी नाही म्हणून पासपोर्ट 'ईसीआर'चा. असा पासपोर्ट असलेल्याला अमिरात, सौदी, कतार अशा १८ देशांत नोकरीला जायचं तर आधी सरकारची एमिग्रेशनची परवानगी लागते. ती ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर मिळते आणि त्यासाठी मालक कोण, पगार किती, करार काय, हे सगळं दाखवावं लागतं. खोट्या नोकरीचा माणूस तिथेच अडकतो. म्हणून हा एजंट म्हणाला, "त्या भानगडीत महिने जातील. आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे कंपनी आठवड्यात कामाचा व्हिसा करून देते." विमानतळावर विचारलं तर 'फिरायला चाललोय' सांग, हेही पढवलं. वेल्डिंग करायला निघालेल्या माणसाला खोटं बोलायला लावणारी ही कसली नोकरी, हे तेव्हा घरात कुणी विचारलं नाही.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात त्याची रीतसर ट्रेड टेस्टही घेतली. लुबाडणाऱ्यालाही टाका पक्का लागतो का हे बघायचं असतं, याचं मला अजून हसू येतं. पैसे थोडे रोख, थोडे यूपीआयने, तेही तिसऱ्याच माणसाच्या खात्यात. पावती नाही.

शारजात ना कंपनी, ना वेल्डिंग. एका खोलीत दाटीवाटीने झोपायचं आणि कुणी नेईल तिथे माल चढवायचा. व्हिजिट व्हिसावर काम करणंच बेकायदा, त्यामुळे मजुरी बुडाली तरी तक्रार कुठे करणार? व्हिसा संपल्यावर दिवसाला ५० दिरहम दंड चढू लागला. दंड आणि तिकिटाचे पैसे शेवटी काकांनी इथून पाठवले.

नंतर ई-मायग्रेटच्या साइटवर नोंदणीकृत एजंटांची यादी पाहिली. त्यात याचं नाव नव्हतं. खऱ्या एजंटला परवाना क्रमांक ऑफिसात आणि जाहिरातीतही दाखवावा लागतो. कायद्याने तो ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेऊ शकतो. करारावर मालक, एजंट आणि कामगार अशा तिघांच्या सह्या हव्यात. भावाच्या कागदावर नुसता शिक्का होता. जाण्याआधी शंका असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या १८००-११-३०९० या हेल्पलाइनवर विचारता येतं.

पोलिसांत आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या (परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) कार्यालयात तक्रार दिली आहे. यूपीआयचे स्क्रीनशॉट होते, तेवढ्याच रकमेचा पुरावा धरला गेला. रोख दिलेल्या ४० हजारांवर एजंटचं म्हणणं एकच: "कुठले पैसे?"