इन्क्लूजन रेटिंग: भोसरीतल्या एका लॅबचं काम

52100 बेअरिंग स्टीलचं इन्क्लूजन रेटिंग (स्टीलमध्ये अडकलेल्या सल्फाइड, अ‍ॅल्युमिनासारख्या परक्या कणांची मोजणी; एएसटीएम ई45 मानक, पद्धत ए) करून घ्यायला भोसरीतली ही छोटी लॅब चालेल, पण काही गोष्टी आधीच बजावून सांगायला हव्यात. कापणी चोख आहे: तुकडा रोलिंगच्या दिशेला समांतर, तपासायचा पृष्ठभाग किमान 160 चौरस मिलिमीटर. आडवा कापला तर सल्फाइडच्या लांब रेघांचे नुसते ठिपके दिसतात.

रडगाणं आहे ते पॉलिशिंगचं. 1 मायक्रॉन डायमंड मऊ, केसाळ कापडावर नको इतका वेळ चालवतात. अ‍ॅल्युमिनाचे कण उखडतात आणि मायक्रोस्कोपखाली 100 पटीत ते काळे खड्डे डी प्रकारात (गोल ऑक्साइड कण) मोजले जातात. कणामागे धूमकेतूसारखं शेपूट दिसलं की दोष स्टीलचा नाही, पॉलिशचा. कडक कापड, कमी वेळ, पाण्याऐवजी अल्कोहोलवालं ल्युब्रिकंट (कॅल्शियम सल्फाइड पाण्यात टिकत नाही), हे ऑर्डरवरच लिहा. एचिंग (आम्लाने पृष्ठभाग कोरणं) नको, हेही.

फोटो मागितल्याशिवाय देत नाहीत. अ‍ॅल्युमिना रोलिंगमध्ये ताणला जात नाही, त्याच्या कडेला पोकळी राहते आणि फटीग क्रॅक (वारंवार भार पडून येणारी भेग) बऱ्याचदा तिथूनच निघतो. कण आणि स्टीलमधला तो सांधा नीट बघायला एसईएम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) लागतो, तो इथे नाही.