17 पट्ट्यांचा कलिंबा : घ्यावा का?

कलिंबा म्हणजे धातूच्या पट्ट्या अंगठ्यांनी छेडून वाजवायचं छोटं आफ्रिकी वाद्य. हार्मोनियमच्या वर्गातल्या लहान मुलांसाठी हा ऑनलाइन मागवला. पोकळ खोक्याचा, किंमत दीड हजाराच्या आत. लाकूड गुळगुळीत, पट्ट्या नीट बसवलेल्या, सोबत सूर लावायची छोटी हातोडी. मधले सूर फार गोड आहेत. कडेच्या दोन-तीन आखूड पट्ट्या मात्र नुसत्या टकटकतात.

सूर पांढरी एकचा (C). मधली लांब पट्टी म्हणजे सा, तिच्या उजवीकडे ओळीने ग, प, नी. डावीकडे रे, म, ध. अंगठा सरकवला की सा-ग-प एकदम वाजतात, त्यामुळे मुलं पहिल्याच दिवशी खूश. सगळे स्वर शुद्ध, म्हणून भूप आणि दुर्गा लगेच वाजतात. दोन्ही सप्तकांतल्या मध्यमांच्या पट्ट्या घोडीकडे (पट्ट्या टेकतात त्या आडव्या पट्टीकडे) हलकेच ठोकून आखूड केल्या की मध्यम तीव्र होतो आणि यमनही जमतो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. झिंबाब्वेतले शोना लोक त्यांचा म्बिरा, म्हणजे कलिंब्याच्या घराण्यातलं मूळ वाद्य, मोठ्या भोपळ्यात बसवून वाजवतात आणि त्याला शिंपले किंवा बाटल्यांची बुचं लावतात. प्रत्येक सुरामागे झणझण उमटते, ती मुद्दाम हवी असते. आपल्या तानपुऱ्याची जवारी काढून टाकली तर काय उरेल? आफ्रिकी संगीताचे अभ्यासक ह्यू ट्रेसी यांनी 1950च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतून कलिंबा जगभर विकायला सुरुवात केली. आज बाजारात मिळणारे कलिंबे त्याच वळणाचे, स्वच्छ आवाजाचे. झणझण गेलेली.

पण या परंपरेची ताकद केवढी! 1970च्या दशकात झिंबाब्वेचे गायक थॉमस मापफुमो यांच्या वादकांनी इलेक्ट्रिक गिटारच्या तारा तळव्याने दाबून म्बिऱ्याची एकात एक गुंतलेली आवर्तनं वाजवली, ड्रमच्या झांजेवर होशो या खुळखुळ्याची लय घेतली. त्यातून चिमुरेंगा संगीत उभं राहिलं, झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यलढ्याचा आवाज झालं. त्याच काळात अमेरिकेत 'अर्थ, विंड अँड फायर' या बँडचे मॉरिस व्हाइट फंक या नाचाच्या संगीताच्या दणदणाटात कलिंबा वाजवत होते. मला तर म्बिरा ऐकल्यापासून कुठल्याही नाचाच्या गाण्यातली फिरत राहणारी गिटार वेगळीच ऐकू येते.

मुलांसाठी जरूर घ्या, पोकळच घ्या, चपट्या फळीचा नको. नखं थोडी वाढलेली हवीत. सोबतच्या माहितीपत्रकात शोनांचं, झिंबाब्वेचं नावही नाही, म्हणून मी वर्गात आधी मापफुमो ऐकवते आणि मगच वाद्य हातात देते.