पायाचा ऑर्गन की हातपेटी? आधी हवेची दिशा पाहा

नाट्यगीतांच्या साथीला वाद्य घ्यायचं ठरलं की मंडळात दोन तट पडतात. ज्यांच्या कानात जुन्या नाट्यगृहातली नांदी अजून आहे, ते ऑर्गनचा हट्ट धरतात. आठवड्यातून चार ठिकाणी साथीला जाणारे म्हणतात, पेटीच घ्या. मी दोन्ही वाजवतो, दोन्ही उघडून साफ करतो. माझं म्हणणं असं, की गोड कुठलं हा वाद बाजूला ठेवावा आणि आधी हवा कुठून कुठे जाते ते पाहावं. बाकीचे बहुतेक फरक तिथूनच निघतात.

आवाज दोन्हींत पितळी पट्टीचाच. एका टोकाला घट्ट, दुसऱ्या टोकाला मोकळी अशी ही पट्टी. पेटीवाले तिला 'सूर' म्हणतात. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबेंनं १८४०च्या सुमारास हार्मोनियमचं पेटंट घेतलं. त्यात भाता हवा सुरांकडे ढकलतो. पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला हातभाता दिला आणि ती मांडी घालून वाजवता येऊ लागली. अमेरिकेत मात्र उलट रचना रुजली. पायानं भाता चालवला की पेटाऱ्यातली हवा बाहेर काढली जाते, आत पोकळी होते आणि बोटाखालची पट्टी दाबताच बाहेरची हवा सुरातून आत ओढली जाते. व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावच्या एस्टी कारखान्यानं असे ऑर्गन मोठ्या संख्येनं बनवले.

जुनं वाद्य विकत घेणारे इथेच फसतात. चार पाय आणि दोन पावट्या दिसल्या की विकणारा सरसकट 'ऑर्गन' म्हणतो, पण ती पायपेटीही असू शकते, म्हणजे पायानं चालणारी हार्मोनियमच. मागची फळी काढायला लावा आणि पाय मारून बघा. मोठा भाता फुगला तर पायपेटी. आत बसत गेला तर ऑर्गन.

ओढलेल्या हवेचा दाब सौम्य असतो, शिवाय अमेरिकी सुरांच्या जिभेला कारागीर हलकासा बाक आणि पीळ देतो. म्हणून ऑर्गनचा स्वर गोल, मागे राहून भरणा करणारा लागतो. पेटीचा स्वर धारदार, पुढे येणारा. गायक आलापीत लांब थांबत असेल तर ऑर्गन त्याच्या पाठीशी उभा राहतो. बालगंधर्वांच्या गाण्यामागे तो इतका शोभला त्याचं कारण माझ्या मते हेच. दोन्ही हात मोकळे असल्यानं डाव्या हातानं खर्जाचा आधार देता येतो, पाच सप्तकं हाताशी असतात. पेटीत साधारण तीन ते साडेतीन सप्तकं, आणि एक हात भात्यात अडकलेला.

पण तोच अडकलेला हात पेटीची खरी ताकद आहे. आवाजातला चढउतार थेट मनगटातून जातो. ऑर्गनमध्ये हे काम गुडघ्यानं ढकलायच्या फळ्यांचं. शिकायला महिने लागतात, आणि तरीही मनगटाची नजाकत येत नाही. द्रुत तानेतही पेटी सरस, कारण ऑर्गनचे खालचे सूर बोलायला क्षणभर उशीर करतात. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, दोघांनाही नाही, तिथे भांडण नको.

कुठले सूर बोलावेत हे ठरवायला ऑर्गनमध्ये ओढायच्या खुंट्या असतात, त्यांवर '८ फूट', '४ फूट' असं लिहिलेलं असतं. हे माप चर्चमधल्या नळ्यांच्या ऑर्गनवरून आलं. तिथे सर्वांत खालच्या स्वराची उघडी नळी सुमारे ८ फूट लांब असते. आपल्या ऑर्गनमध्ये नळी एकही नाही, पण नाव राहिलं. घेताना एवढंच लक्षात ठेवा: ८ फूट म्हणजे पट्टीचा मूळ स्वर, ४ फूट म्हणजे एक सप्तक वर.

दुरुस्तीत पेटी फार पुढे आहे. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर मिळतात, बसवणारे कारागीर गावोगाव आहेत, जर्मन सुरांची जुनी पेटीही सांभाळता येते. ऑर्गनचा सूर आकड्यानं खाचेतून सहज ओढून काढता येतो, धूळ पुसून परत सरकवता येतो. मुका सूर बहुधा एवढ्यानंच बोलतो. तुटला तर मात्र नेमका त्याच मापाचा शोधावा लागतो. मी एकदा वरून चकचकीत पॉलिश केलेला ऑर्गन बघून भुललो होतो. आतल्या सुरांच्या फळीला भेग होती, तिथून हवा जायची, आणि ते काम वर्षभर पुरलं. भात्याचं कापड बदलता येतं, उंदरानं खाल्लेलं फेल्ट बदलता येतं. फळीची भेग असेल तर किंमत कितीही कमी असो, मी घेणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यात अलीकडे नवे ऑर्गन घडवले गेले आहेत. पैसे आणि धीर असेल तर जुन्यामागे धावण्यापेक्षा मला तो रस्ता बरा वाटतो, घडवणारा हाकेच्या अंतरावर असतो म्हणून.

कीबोर्डवरचा ऑर्गनचा आवाज तालमीला चालेल. श्वास घेणारं वाद्य हवं असेल त्यानं त्यावर थांबू नये.

तेव्हा कीर्तन, भजन, ख्याल, शिकवणी आणि सततचा प्रवास असेल तर पेटी. एकाच जागी नाटकं, बसायला ठरलेला साथीदार आणि वाद्य उचलायला तीन-चार माणसं असतील तर ऑर्गन. कोकणात ठेवणार असाल तर पहिल्याच पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतील. लाकूड तासायची घाई करू नका, दिवाळीपर्यंत थांबा.