घरच्या ससेपालनासाठी घेतलेला दुमजली पिंजरा : दहा महिन्यांनंतर

कराडजवळच्या आमच्या घराच्या परसात गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही सशांचा तयार पिंजरा बसवला. चार खणांचा, दुमजली, प्रत्येक खणाखाली पत्र्याचा ट्रे असलेला हा पिंजरा एका फॅब्रिकेटरकडून ८,२०० रुपयांना घेतला आणि त्यात न्यूझीलंड व्हाइट जातीचा एक नर व तीन माद्या ठेवल्या. घरच्या पाच माणसांना अधूनमधून ताजे मटण मिळावे आणि परसबागेला खत व्हावे, एवढाच उद्देश होता; ‘पिल्ले आम्हीच विकत घेऊ’ अशी हमी देणाऱ्या जाहिरातींच्या वाटेला आम्ही गेलो नाही, ते बरेच झाले. आता तिन्ही ऋतू पाहून झाले आहेत आणि त्या पिंजऱ्याचा लोखंडी सांगाडा तेवढा मूळचा उरला आहे.

पहिली चूक हिशेबात झाली आणि ती आमचीच होती. चार ससे म्हणून चार खण, असे आम्ही धरले. मादी साधारण ३१ दिवसांत विते, एका वेताला पाच-सात पिल्ले होतात आणि ती पाच-सहा आठवड्यांची झाली की त्यांना आईपासून वेगळे काढावे लागते. त्यांना ठेवायचे कुठे, याचा विचार पिंजरा घेताना आमच्या डोक्यात आला नाही आणि विक्रेत्यानेही तो काढला नाही. अखेर वाढत्या पिल्लांसाठी चार फूट बाय दोन फुटांचे दोन वेगळे खण करून घ्यावे लागले. तीन महिन्यांच्या आत नर-मादी वेगळे करायचे असल्याने एका खणात भागत नाही.

खणाचे माप मात्र योग्य निघाले. अडीच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच एवढी जागा प्रौढ मादीला पुरते. अडचण होती ती तळाच्या जाळीची. विक्रेत्याने एक इंच बाय एक इंचाची, सोळा गेजची पातळ जाळी लावली होती (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक). चार किलोची मादी बसली की ती मध्ये खोलगट होई, तिथेच लेंड्या साचत, आणि पिल्लांचे पाय तर थेट आरपार जात. डिसेंबरात ती काढून अर्धा इंच बाय एक इंचाची, चौदा गेजची जीआय वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली वेल्ड केलेली जाळी बसवली; अर्ध्या इंचावरच्या तारा वरच्या अंगाला येतील अशी ती लावावी, म्हणजे पावलांना आधार मिळतो आणि लेंड्याही खाली पडतात. तरीही मोठ्या मादीच्या मागच्या तळपायाची लव झिजून कातडी लाल दिसू लागली, तेव्हा प्रत्येक खणात एक गुळगुळीत फळी टाकली. ती कुरतडली जाते, बदलावी लागते. पण पायाच्या जखमेपेक्षा फळी स्वस्त पडते.

दारांबद्दलही तक्रार आहे. ती दहा इंच रुंद होती आणि मादीने आत व्यावे म्हणून खणात ठेवायची पिल्लांची पेटी बारा इंचांची. पेटी आत घालण्यासाठी एका बाजूची जाळी कापावी लागली. शिवाय मीलनासाठी मादीला नराच्या खणात न्यायचे असते, कारण आपल्या जागेत आलेल्या नराला ती अनेकदा चावते; अशा वेळी धडपडणारी मादी अरुंद दारातून बाहेर काढताना हातावर जे ओरखडे उठले, त्यांच्या खुणा अजून आहेत. आता दारे सोळा इंचांची आणि आत उघडणारी केली आहेत, म्हणजे कडी लावायची राहिली तरी ससा आतून ढकलून दार उघडू शकत नाही.

पेटीचा सर्वांत वाईट धडा पहिल्याच वेताला मिळाला. पेटी फार लवकर ठेवली तर मादी तिच्यात घाण करते, हे ऐकून होतो, म्हणून मीलनानंतर तिसाव्या दिवशी ठेवायचे ठरवले. मादी आदल्या रात्रीच व्याली. सकाळी उघड्या जाळीवर सहा पिल्ले पडलेली होती. बोटाएवढी, केस नसलेली, गार. त्यांतली दोन लोकरीच्या टोपीत गुंडाळून चुलीच्या उबेला धरली, तेव्हा तासाभराने वळवळू लागली आणि तीच वाचली. तेव्हापासून पेटी अठ्ठाविसाव्या दिवशी ठेवतो. लांबी दीड फूट, रुंदी व उंची एक फूट, तळाला भोके, आत लाकडाचा भुसा आणि त्यावर वाळके गवत. वरचे मऊ अंथरूण मादी स्वतःच्या पोटाचे केस उपटून करते. पुढच्या बाजूला सहा इंचांची आडवी फळी हवीच, नाहीतर आचळाला चिकटलेले पिल्लू आईबरोबर बाहेर ओढले जाते आणि मादी त्याला उचलून परत आत नेत नाही.

दुमजली रचनेचा खरा दोष वासाने कळला. ट्रेमध्ये मूत्र साचते, त्यातून अमोनिया सुटतो आणि तो थेट वरच्या सशाच्या नाकाशी जातो. उभ्या माणसाला तो जाणवत नाही. मी एकदा पहाटे ट्रे ओढण्यासाठी वाकलो, तेव्हा डोळ्यांत पाणी आले आणि वरच्या खणातली मादी आठवडाभर का शिंकते आहे, ते उमगले. सशाच्या मूत्रात चुन्याचा अंश बराच असतो, त्यामुळे ट्रेवर पांढरी, दगडासारखी पुटे चढतात. ती साबणाने निघत नाहीत. व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवले की फसफसून सुटतात. पण तोवर पत्रा गंजलेला असतो. जानेवारीत वरचा मजला कापून चारही खण एका ओळीत, जमिनीपासून तीन फुटांवर घेतले आणि खाली मुरुमाचा उतार केला. लेंड्या आठवड्याला झाडून काढतो आणि वर थोडा चुना भुरभुरवतो. शिंका पंधरा दिवसांत थांबल्या.

उन्हाळ्याने मात्र आमची परीक्षा पाहिली. सशाला घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे कान आणि श्वास एवढीच साधने. एप्रिलच्या मध्यापासून पत्र्याखालचे ससे दुपारी लांब पडून धापा टाकू लागले. छपरावर उसाचे पाचट टाकले, पश्चिमेला ओले गोणपाट लावले, खणात गोठवलेल्या पाण्याची बाटली ठेवली. माद्या तिला टेकून झोपत. तरी मेमध्ये एक गाभण मादी गेली. नराचे तर मीलन होऊनही दोन महिने एकही मादी गाभण राहिली नाही. सततच्या उष्म्याने नर काही आठवडे निर्बीज होतो, हे तेव्हा पशुवैद्यकांनी सांगितले. जुलैत सगळे पूर्ववत झाले. सशांना पाणी पाजणाऱ्या निप्पलची नळी उन्हात पडू देऊ नये. तिच्यातले पाणी इतके तापते की ससा ते पीतच नाही.

पावसाळ्यात वाऱ्यासकट येणारी झड अडवण्यासाठी मी प्लॅस्टिकचे पडदे बांधले आणि शिंका परत सुरू झाल्या. पडदे काढून छपराची पागोळी अडीच फूट पुढे आणली. खांबांच्या पायांखाली जळके ऑइल भरलेल्या वाट्या आहेत, कारण लाल मुंग्या पेटीतल्या पिल्लांना जिवंत सोडत नाहीत. मुंगसाने मात्र एकदाही जाळी ओलांडली नाही. चौदा गेजचे ते श्रेय आहे.

गावातले काही जण हे कायद्यात बसते का, म्हणून विचारतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण रानातल्या सशाला आहे. हा पाळीव ससा प्रजातीनेच वेगळा आहे.

दुरुस्त्यांवर सव्वासहा हजार रुपये गेले. तोच पैसा आधी जाळीवर आणि छपरावर घातला असता, तर गावातल्या वेल्डरकडून एकमजली पिंजरा याहून कमी खर्चात झाला असता. बारा आठवड्यांचे पिल्लू आमच्याकडे पावणेदोन किलोच्या आसपास भरते आणि सध्या दोन माद्या पेट्यांत आहेत. गंजलेले चार ट्रे मिरचीची रोपे ठेवायला कामी आले.