जेन्टू की डेबियन: बरेच महिने दोन्ही वापरल्यावर

क्यूटी वेबएंजिनचं (अ‍ॅपमध्ये वेबपानं दाखवणाऱ्या भागाचं) कंपाइल, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्रॅम बांधणं, रात्री पुन्हा अर्ध्यात मेलं, म्हणून लिहायला बसलोय. जुना लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम, आठ थ्रेड. चालतोय तोवर दुसरा घेणार नाही. त्यावर जेन्टू, म्हणजे प्रोग्रॅम सोर्सपासून स्वतः बांधायचं लिनक्स, आणि दुसऱ्या मशीनवर डेबियन, म्हणजे तयार बांधलेली पॅकेजेस देणारं लिनक्स.

आधी वेगाचं. मार्च-नेटिव्ह (आपल्याच प्रोसेसरसाठी कोड बनव असं कंपायलरला सांगणारी सेटिंग) लावून सगळं स्वतः बांधलं की मशीन पळतं, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. ब्राउझर, एडिटर, टर्मिनल, कुठेच मला डेबियनपेक्षा फरक जाणवला नाही. व्हिडिओ एन्कोडिंगमध्येसुद्धा नाही, कारण एफएफएमपेगसारख्या प्रोग्रॅममधला जड भाग असेंब्लीत (थेट प्रोसेसरच्या सूचनांच्या भाषेत) लिहिलेला असतो आणि प्रोसेसर कोणता आहे ते चालताना ओळखून निवडला जातो. तयार पॅकेजलाही तो फायदा मिळतोच. वेगासाठी जेन्टूकडे जाऊ नका.

जायचं तर यूज फ्लॅगसाठी जा, म्हणजे प्रोग्रॅममध्ये कोणत्या सोयी हव्या-नको ते ठरवणाऱ्या खुणांसाठी. ब्लूटूथ नको म्हटलं की तो कोड प्रोग्रॅममध्ये शिरतच नाही. आणि पॅचेस, म्हणजे कोडमधले आपले बदल! ईटीसी-पोर्टेज या सेटिंग्जच्या फोल्डरखालच्या पॅचेस फोल्डरमध्ये फाइल टाकली की त्या पॅकेजच्या प्रत्येक अपडेटला ती आपोआप लागते. डेबियनवर हेच करायचं तर सोर्स आणा, बदला, पॅकेज बांधा, आणि सिक्युरिटी अपडेट आलं की पुन्हा तेच. या एका सोयीसाठी मी जेन्टूचं बरंच सहन केलंय.

पण वेबएंजिन! त्याच्या पोटात जवळजवळ अख्खं क्रोमियम आहे. एका जॉबला (एकाच वेळी चालणाऱ्या कंपाइलच्या कामांपैकी एकाला) साधारण २ जीबी रॅम धरायची, म्हणजे आठ जॉबना १६. माझ्याकडे निम्मी. रॅम संपली की कर्नल (सिस्टिमचा गाभा) कंपायलरलाच मारतो. जॉब दोनवर आणले तर रात्रभर पंखा आणि वीज. हे कशासाठी, तर एका अ‍ॅपला मदतीची पानं दाखवायची असतात म्हणून. क्रोमियममध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या सतत येतात, त्यामुळे अपडेट टाळणंही बरोबर नाही.

सकाळी मत बदललं. डिसेंबर २०२३ पासून जेन्टू स्वतःच एएमडी६४ आणि एआरएम६४ या प्रोसेसरच्या प्रकारांसाठी तयार बायनरी (आधीच बांधलेली पॅकेजेस) भरपूर प्रमाणात देतं. मी गेटबिनपीकेजी (तयार बायनरी उतरवायची सेटिंग) लावलेलं होतंच, पण यूज फ्लॅग जुळले तरच ती बायनरी वापरली जाते. वेबएंजिनवरचा माझा एक वेगळा फ्लॅग काढला, आणि जे रात्रभर बांधत होतो ते चहा होईपर्यंत उतरलं. एलएलव्हीएम आणि रस्ट ही कंपायलरची मोठी पॅकेजेसही आता तशीच घेतो. लहानसहान आणि पॅच लावलेली पॅकेजेस तेवढी इथे बांधली जातात.

दुसऱ्यांचं काम ज्या मशीनवर अडतं तिथे मात्र डेबियन स्टेबलच. आवृत्ती न हलवता सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, आणि मला तिथे रोज डोकं घालावं लागत नाही. लॅपटॉपवर जेन्टू राहणार. पुढच्या अपडेटला वेबएंजिनने पुन्हा सोर्सचा हट्ट धरला, तर ते अ‍ॅपच काढून टाकणार आहे.