घोट्यावरचा सेन्सर आणि तत्कार : आठ महिन्यांच्या वापरानंतर

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कथकचा वर्ग लावला, तेव्हा घरच्या रियाजासाठी मी दोन्ही घोट्यांना बांधायच्या सेन्सरची जोडी घेतली. पाऊल जमिनीवर पडताच बसणारा हादरा हे यंत्र टिपते आणि ते मात्रेच्या, म्हणजे तालाच्या ठोक्याच्या, आधी पडले की नंतर, हे मोबाइलवर रेघांनी दाखवते.

खरा उपयोग झाला तो तत्कारात, म्हणजे बोलांवर पायांचे आघात करण्याच्या मूळ सरावात. ‘ता थेई थेई तत्’ उजव्या पायाने सुरू होते आणि ‘आ थेई थेई तत्’ डाव्या; त्यामुळे चौथ्या आणि पाचव्या मात्रेला डावाच पाय लागोपाठ पडतो. ‘आ’ सांभाळ, असे वर्गातल्या शिक्षिका, ताई, वारंवार सांगत, पण माझ्या कानाला तो वेळेवरच वाटे. तीनतालाच्या सोळा मात्रांच्या सोळा रेघांत मात्र पाचवी आणि तेरावी दर आवर्तनाला, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीला, मागे पडलेली दिसली. उजवा पाय लागोपाठ येतो त्या नवव्या मात्रेला तसे होत नव्हते. म्हणजे चूक मोजण्यात नव्हती, डावे पाऊल पुन्हा उचलण्यात होती. मग पंधरा दिवस मी केवळ डाव्या पायाचे आघात घोटले आणि त्या रेघा जागेवर आल्या.

मात्रेगणिक घोट्याला थरथर देणारी सोय मी दुसऱ्या महिन्यात बंद केली. मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत चौगुनीच्या (एका मात्रेत चार पावले) दोन पावलांत जेमतेम पाव सेकंद असतो. थरथर जाणवून पाऊल टाकेपर्यंत तो निघून जातो. शिवाय घरी नेटके पडणारे पाऊल वर्गात तबल्यासमोर डगमगू लागले होते. सतत मिळणाऱ्या सूचनेवर शिकणारा विसंबून राहतो, असा इशारा हालचालींच्या शिक्षणाविषयीच्या संशोधनात १९८४ मध्येच दिला गेला होता, आणि माझा अनुभव त्याला धरूनच आहे. आता मी आधी लेहऱ्यावर, म्हणजे ताल दाखवत पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेवर, पूर्ण रियाज करते आणि आलेख नंतर उघडते.

घुंगरू बांधले की एका पावलाची दोन पावले मोजली जातात. तक्रार केल्यावर घुंगरू काढून सराव करण्याचा सल्ला मिळाला, त्याचे मला मनापासून वाईट वाटले. गुडघा, हस्तक (हातांच्या हालचाली), नजर यांतले यंत्राला काहीच दिसत नाही. समही, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्राही, त्याला कळत नाही: तीनदा घेऊन समेवर संपवायची तिहाई मी पंधराव्या मात्रेवर संपवली, तरी तिला त्याने पैकीच्या पैकी गुण दिले होते. वर्गाशिवाय केवळ यावर कथक शिकू पाहणाऱ्यांनी ते घेऊ नये.